कुठली खोली गार करायची

दहावीचे पेपर संपत आले की आमच्या घरी एसीच्या बाहेरच्या पेटीवर बांधलेलं पोतं काढायचं असतं. हे काम माझं. हिवाळाभर त्या पोत्याच्या घड्यांत पाली राहिलेल्या असतात, एखादं चिमणीचं अर्धवट घरटं निघतं, आणि सुतळीची गाठ इतकी आवळून बसलेली असते की दरवर्षी ती विळीवर धरूनच कापावी लागते. पोतं झटकलं की वाळलेला लिंबाचा पाला पायांवर पडतो. मग रफिकभाईंना फोन करायचा. ते येतात, जाळी धुतात, पंख्याला तेल देतात, चहा पितात आणि यंदा ऊन जास्त आहे असं सांगून जातात. असं ते दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी ते खरं वाटतं.

बेलापूरच्या शिवारात, कालव्याला लागून आमची वस्ती आहे. या दिवसांत ऊस तुटून गेलेला असतो. पाचट पेटवल्याचा वास आणि त्याची काळी भुसकटं दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसतात. हवा कोरडी होत जाते. ओला टॉवेल वाळत टाकून चहा पिऊन परत यावं तर तो पापडासारखा कडक झालेला असतो. कालव्याच्या बाजूनं मधेच गारवा येतो, पण तो ओळखीच्या माणसासारखा दारातून डोकावून निघून जातो, आत काही येत नाही.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बाष्पीभवनाचा धडा सहामाहीनंतर येतो. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, म्हणून माठातलं पाणी गार राहतं आणि म्हणूनच घाम आल्यावर आपल्याला बरं वाटतं, असं मी सांगते. मुलं मनगट ओलं करून त्यावर फुंकर मारतात. माठ, घाम आणि कूलर ही तीन उदाहरणं मी पहिल्यापासून एका ओळीत लिहीत आले. त्यांतलं मधलं उदाहरण काढून घेतलं तर माणसाचं काय होतं, याचा विचार करायची वेळ माझ्यावर एकाच उन्हाळ्यात आली.

शरद माझा धाकटा दीर. माझं लग्न झालं तेव्हा तो नववीत होता, पायजमा घोट्याच्या वर गेलेला. त्याला भाऊजी म्हणायचं आणि अहोजाहो करायचं असं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मला जमलं नाही. त्याच्या बीजगणिताच्या चुका मी काढायचे, आणि जो आपल्याकडून कान पिळून घेतो त्याला अहो कसं म्हणणार? तो शरदच राहिला. पुढे त्यानं आयटीआय केलं आणि नागापूरच्या एमआयडीसीत ओतकामाच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथंच खोली घेऊन राहायचा. शनिवारी गाडीवर यायचा, येताना माझ्या मुलीसाठी, गौरीसाठी, काहीतरी आणायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा.

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांत ते घडलं. साच्यात कुठेतरी ओल राहिली होती. वितळलेलं लोखंड ओतताना ते उसळलं. चेहरा वाचला; मान, छाती, पाठ आणि दोन्ही हात भाजून निघाले. नगरच्या दवाखान्यात तो साडेतीन महिने होता. मांड्यांची कातडी काढून पाठीवर लावली. त्या महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. माझे पती विलास बहुतेक वेळ तिथंच असायचे. मी रविवारी डबा घेऊन जायचे आणि काचेतून बघून यायचे.

शिमग्याच्या आधी त्याला घरी सोडलं. सोडताना तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना बसवून घेतलं आणि कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं. जळून पुन्हा आलेल्या कातडीला घाम येत नाही. आत घाम तयार करणारी यंत्रणाच उरलेली नसते. म्हणजे याच्या निम्म्याहून जास्त अंगाला आता घाम येणार नाही. त्यातून डाग उचलून येऊ नयेत म्हणून अंगावर घट्ट, रबरासारखी बंडी वर्षभर दिवसरात्र घालायची. बाई म्हणाल्या, "तुम्हाला आम्हाला ऊन लागतं तेव्हा आधी घाम येतो, मग चक्कर येते. यांना आधीचं काही कळणारच नाही. उन्हाळा पार पडेपर्यंत यांना गार जागेत ठेवा." परतायला आम्ही गाडी केली होती. राहुरी गेल्यावर विलासनी खिडकीची काच खाली केली, शरदकडे बघितलं आणि परत वर केली.

तर असा आमच्या घरात एसीचा विषय निघाला. हौसेनं नाही.

पहिल्यांदा आम्ही कूलरच लावला. पत्र्याचा मोठा कूलर घरात होताच, विलासनी त्याच्या गवताच्या ताट्या नव्या बसवल्या. कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखी सोयीची वस्तू नाही, असं मी आजही म्हणेन. दारं-खिडक्या उघड्या ठेवता येतात, वीज कमी लागते, बिघडला तर घरच्या घरी उघडता येतो. पण चार दिवसांत शरदच्या मानेच्या वळीत लाल चट्टा उठला आणि खाजेनं तो रडकुंडीला आला. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ओलसर हवा आणि टाकीतलं शिळं पाणी नव्या कातडीला चालायचं नाही. शिवाय ज्येष्ठात आभाळ भरून आलं की कूलर फक्त चिकचिक वाढवतो, हे तर कुणालाही ठाऊक आहे.

मग माझ्या एका सहकारी शिक्षिकेनं त्यांचा जुना खिडकीतला एसी देऊ केला. विलास तो बघून आले आणि नको म्हणाले. कारण विचारलं तर सांगेनात. दुसऱ्या दिवशी गोठ्यात धार काढताना आपणहून म्हणाले, की त्याचा आवाज भट्टीच्या ब्लोअरसारखा येतो, शरदनं दिवसभर तोच ऐकायचा का? हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

म्हणजे भिंतीवरचा, दोन तुकड्यांचा. श्रीरामपूरच्या दुकानात गेलो तर तिथला माणूस भराभर विचारायला लागला. खोली किती बाय किती, वरच्या मजल्यावर की खालच्या, ऊन कुठल्या भिंतीवर येतं, खोलीत माणसं किती, तांब्याची गुंडाळी हवी की ॲल्युमिनियमची, एक टन की दीड टन. मी माझ्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर रकाने पाडले आणि सगळं लिहून घेतलं. तो तक्ता मी इतका नीटनेटका केला होता की दुकानदारानं त्याचा मोबाईलवर फोटो काढला. पण त्यात सगळ्यात वरचा रकाना रिकामाच होता. कुठली खोली?

त्यासाठी विलासनी रफिकभाईंना आणलं. रफिकभाई दूध संकलन केंद्रांवरच्या गार टाक्या दुरुस्त करतात. या भागात कुठल्याही डेअरीत बंद पडलेलं यंत्र त्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. साठीचा माणूस, बोलणं कमी. त्यांनी आधी वरची खोली बघितली. गच्चीला लागून एकच खोली आहे आमच्याकडे, शरदचीच. दुपारचे तीन वाजले होते. ते स्टुलावर चढले, छताला तळवा लावला आणि लगेच काढून घेतला.

"मॅडम, ही खोली न्हाई, तवा हाय," ते म्हणाले. "मशीन दिवसभर स्लॅबशीच भांडत बसंल. त्यातून दुपारी मोटरी सुरू झाल्या की तुमच्या वस्तीला व्होल्टेज राहत न्हाई."

मग त्यांनी खालची मधली खोली बघितली. तिच्या एकाही भिंतीवर ऊन येत नाही. वर शरदची खोली, एका बाजूला स्वयंपाकघर, पुढे बैठक. इथं एक टन पुरेल, आणि वीज गेली तरी खोली दोन-तीन तास तग धरेल, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच, ती खोली म्हणजे घराचा रस्ता आहे. सगळे तिथूनच येतात-जातात, जेवायला तिथंच बसतात. रफिकभाईंनी सहज विचारलं, "पेशंट दिवसभर बसतो कुठं?"

तो कुठंच बसत नव्हता. तो पडून असायचा आणि कुणी आलं की भिंतीकडे तोंड करायचा.

शरदनं वरचीच खोली मागितली. त्याला कुणी बघायला नको होतं. आत्याबाईंना तो खाली, डोळ्यांसमोर हवा होता, पण मधली खोली सदानकदा बंद ठेवायची ही कल्पना त्यांना सहन होईना. दार लावलेल्या घरात माणसाचा जीव कसा रमायचा, असं त्या म्हणायच्या. विलासना दोन्ही बाजू पटत होत्या. राहिले मी. घरात शिकलेली, तक्ता केलेली. माझ्या म्हणण्यावर ते येऊन थांबलं.

मी वरची खोली म्हणाले.

कारणं दिली. त्याला निवांतपणा मिळेल. त्याची इच्छा आहे. एकाऐवजी दीड टनाचा घेऊ, छताला आणि खिडकीला थर्माकोल लावू. आणि गौरी आठ वर्षांची आहे, ती घाबरते. हे शेवटचं कारण अर्धं खरं होतं. गौरी काकाच्या जवळ जात नव्हती. पण खरं कारण मी होते. त्याच्या मानेवरची ती ताणलेली, चकचकीत कातडी दिसली की घास माझ्या घशाखाली उतरत नसे. जेवताना मी ताट जरा तिरकं घेऊन बसायला लागले होते. त्याच्या पाठीला दिवसातून चार वेळा मलम लावायचं असे. ते आत्याबाई आणि विलास करायचे, मी डबी आणून द्यायचे. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटत होतं.

एसी वर बसला. रफिकभाईंनी पाइप नीट बसवले, गच्चीवर चुना मारायला सांगितलं आणि गेले. चैत्र चांगला गेला. शरद आतून कडी लावून घ्यायचा. ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं. खाली आम्ही मोठ्यानं बोलू लागलो, गौरी पुन्हा मधल्या खोलीत पत्ते खेळू लागली. घर पूर्वीसारखं झालं, असं मला वाटलेलं आठवतं. त्या वाटण्याची मला आता लाज वाटते, पण ते वाटलं होतं हेही खरं आहे.

वैशाखात विलास पुणतांब्याला चुलतबहिणीच्या लग्नाला गेले. घरात मी, आत्याबाई, गौरी आणि वर शरद. सुट्टी लागली होती. मी मधल्या खोलीत बसून निकालपत्रकं भरत होते. दुपारी दोननंतर डोक्यावरचा पंखा हळू झाला, इतका की पाती मोजता यावीत. शिवारात सगळ्यांच्या मोटरी चालू होत्या. असं रोजच व्हायचं. मी उठून ओला नॅपकिन मानेवर ठेवला आणि परत लिहायला बसले. खाली पंख्याची ही दशा आहे तर वर एसीचं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यात यायला जवळजवळ तास गेला. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की स्टॅबिलायझर एसीची वीज तोडून टाकतो. हे मीच त्या वहीत लिहून घेतलं होतं.

ताक घेऊन वर गेले. दार वाजवलं. उत्तर नाही. हाक मारली. दाराला कान लावला तर आतून कसलाच आवाज येत नव्हता, यंत्राचासुद्धा नाही. दाराशेजारी खिडकी आहे, गजांची. गच्चीवर पडलेली वीट उचलून मी तिची काच फोडली, आतला थर्माकोल ढकलला. आतून जी हवा तोंडावर आली ती चुलीवरच्या वाफेसारखी होती. गजांतून हात घालून, खांद्यापर्यंत घालून, कडी काढली.

तो कॉटवर पडला होता, डोळे अर्धे उघडे. चेहरा लालबुंद आणि कोरडा. अंगाला हात लावला तर भाजेल असं वाटलं. कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

मी गच्चीवरच्या नळाखाली बादली धरली आणि पाणी हातावर घेतलं तर ते कढत होतं. टाकी दिवसभर उन्हात. मी जिन्यातून ओरडले. आत्याबाई आल्या. आम्ही दोघींनी त्याला सतरंजीवर घेतलं आणि पायरी पायरी करत खाली ओढलं. त्याचं डोकं माझ्या पोटाशी होतं. मधल्या खोलीत फरशीवर ठेवला. ती बंडी काढणं भाग होतं, ती निघेना. मी कात्री आणून पुढून कापली आणि सोलून काढावी तशी ओढली. मग माठातलं पाणी. गौरी स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणत होती, रिकामा घेऊन धावत होती. मी नुसत्या हातांनी त्याची छाती, मान, पाठ ओली करत होते, आणि आत्याबाई पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. त्याला स्वतःचा घाम येणार नव्हता. आम्ही तिघी मिळून त्याला बाहेरून घाम आणत होतो.

ती कातडी हाताला कशी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. ती मऊ होती. काही ठिकाणी दोरखंडासारखी, पण बरीचशी लहान मुलाच्या टाळूसारखी मऊ. आपण इतके दिवस कशाला भीत होतो, असं तेव्हा वाटायला सवड नव्हती. ते नंतर वाटलं.

गावातले डॉक्टर आले, सलाईन लावलं, थर्मामीटर दोनदा बघितला आणि आकडा मला सांगितला नाही. अंधार पडेपर्यंत तो शुद्धीवर आला होता. विलास लग्नातून अक्षता पडायच्या आधीच निघाले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्याला पेज भरवत होते. त्याला अजून चमचा धरवत नव्हता. त्यानं चमचा थांबवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, तुमी दार वाजवत हुता ते मला ऐकू येत हुतं. एसी बंद झाला तेबी कळलं हुतं. उठावंसंच वाटलं न्हाई."

मी पेजेत मीठ कमी आहे का विचारलं. तो नाही म्हणाला. हे मी विलासना पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं, आत्याबाईंना कधीच नाही.

त्याच आठवड्यात एसी खाली आला. रफिकभाईंनी तो वरून काढला, भिंतीतली भोकं बुजवली, मधल्या खोलीत बसवला. आधीच त्यांचं ऐकायला पाहिजे होतं, असं ते एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त जाताना म्हणाले की आता हा खोलीला मोठा पडेल, तर तो कमीवर लावा, आणि दारं आपोआप लागतील अशा स्प्रिंगा बसवून घ्या, कारण या खोलीचं दार कुणी आठवणीनं लावेल असं त्यांना वाटत नाही.

ते खरंच होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त बोललं गेलेलं वाक्य म्हणजे "दार लावा". आत्याबाई ते वाक्य स्वतः म्हणायच्या आणि स्वतःच दार उघडं टाकून जायच्या. हळूहळू अख्खं घर त्या खोलीत उतरलं. माझे पेपर, आत्याबाईंच्या वाती, गौरीची रंगपेटी, विलासचं दुपारचं झोपणं. गवारीच्या शेंगा मोडायच्या त्याही तिथंच. आणि या सगळ्याच्या मधे कॉटवर शरद, भिंतीकडे तोंड करायला भिंतच नसलेला, कारण कॉट आम्ही मुद्दाम खोलीच्या मध्यावर ठेवली होती. तिथं वारा नीट येतो, असं सांगून.

एसीची हवा मला अजून आवडत नाही. तिला वास नसतो. आंब्याच्या अढीचा, मातीचा, कशाचाच नाही. तिच्यात बसलं की बाहेर कोणता प्रहर आहे ते कळत नाही. पण ती माणसांना जवळ आणते, कारण तिला हद्द असते. कूलरच्या वाऱ्यात माणूस अंगणापर्यंत सैल बसतो. एसीत सगळ्यांना दाराच्या आतच बसावं लागतं, आणि एकदा बसलं की एकमेकांकडे किती वेळ बघायचं टाळणार?

मग शेजारपाजारच्या बायका यायला लागल्या. बघायला आलो असं म्हणत, पण खरं तर गारव्याला. पहिल्या दिवशी त्या शरदकडे चोरून बघायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी बघेनाशा झाल्या, आपापल्या सुनांविषयी बोलू लागल्या. शेजारच्या मळ्यातल्या एक म्हाताऱ्या काकू मात्र थेट त्याच्या कॉटवर बसल्या, त्याचा हात उचलून उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, "दुकतं का रं अजून?" त्यानं सांगितलं, दुखत नाही, खाजतं. "मंग खाजव की," त्या म्हणाल्या. खाजवायचं नसतं असं तो समजावून सांगू लागला, आणि सांगता सांगता त्यानं भट्टीचं सगळं सांगितलं. साच्यातली ओल, तो आवाज, कुणी कुठं उभं होतं ते. आमच्यापैकी कुणालाही त्यानं ते सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. आत्याबाई वातीसाठीचा कापूस हातात धरून तशाच बसून राहिल्या.

गौरीनं मलम लावायचं काम आपणहून घेतलं. तिला त्यात काही विशेष वाटलं असं नाही. त्या दुपारी तिनं चौदा तांबे आणले होते, हे ती सगळ्यांना सांगायची, आणि त्यामुळे काकाचं अंग ही आता थोडी आपली जबाबदारी आहे, असं तिनं ठरवून टाकलं असावं. मीही लावायचे. माझे हात आधी गार पडायचे, नंतर पडेनासे झाले.

एकदा दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या, गौरी शेजारी गेली होती. मी त्याच्या पाठीला मलम लावत होते, म्हणजे त्याचा चेहरा दिसत नव्हता. अशा वेळी बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, "शरद, एसी वर बसवायचं मीच लावून धरलं होतं. तुझ्यासाठी नाही. मला बघवत नव्हतं म्हणून."

त्यानं खांदा जरा पुढे घेतला. मग म्हणाला, "म्हाईत हाय वहिनी. मलाबी दिसायचं नव्हतं कुनाला. आपल्या दोघांचं बराबर जमलं हुतं तवा."

त्यात टोमणा नव्हता. मी बराच वेळ शोधला, पण सापडला नाही. मी डबीचं झाकण लावलं आणि चहा ठेवायला उठले.

ज्येष्ठात आभाळ भरू लागलं, हवा दमट झाली आणि गावातले कूलर एकेक करून बंद पडले. आमची खोली कोरडी, गार राहिली. कागदावर बघितलं तर निवड बरोबर ठरली होती. आषाढात तो संध्याकाळी ओट्यावर बसू लागला. त्या वर्षभर ती बंडी राहिली, तिच्या दोन नव्या शिवून आणल्या. मानेचं आणखी एक ऑपरेशन झालं. हे सगळं सावकाश झालं, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता गौरी कॉलेजला आहे. आत्याबाई थकल्या आहेत आणि मधल्या खोलीतल्या त्या कॉटवर त्याच झोपतात. ओळखीचे लोक एसी घ्यायचा म्हटलं की मला विचारतात, कारण तो तक्ता अजून माझ्याकडे आहे असा बोभाटा झालाय. मी त्यांना टन आणि व्होल्टेजचं सांगते. कोरडी हवा असेल आणि घरात सगळे धडधाकट असतील तर कूलर घ्या, असंही सांगते. खोलीचा विषय निघाला की मात्र मी त्यांनाच विचारते की तुमच्या घरात कोण कुठं बसतं. काही जण चटकन सांगतात. काही जण जरा थांबतात, आणि ते थांबले की मी पुढचं विचारत नाही.

शरद त्या उन्हाळ्याच्या पुढच्या वर्षी परत नागापूरला गेला. भट्टीवर नाही, दुसऱ्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये, जिथं माल मोजून द्यायचा आणि नोंद करायची. तो निघाला तो श्रावणातला सोमवार होता. पाऊस उघडला होता आणि चांगलंच उकडत होतं. आत्याबाईंनी त्याच्यासाठी पूर्ण बाह्यांचा, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लागणारा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. त्यानं तो हातात घेतला, घडी न मोडता पुन्हा खुर्चीवर ठेवला आणि बॅगेतून अर्ध्या बाह्यांचा शर्ट काढून घातला. दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत उघडे, मान उघडी. आत्याबाई म्हणाल्या, एसटीत लोक बघतील रे.

"बघू दे," तो म्हणाला. "त्यात लई गरम हुतं."

विलास त्याला स्टँडवर सोडायला गेले. मीही गेले. एसटीला गर्दी होती. तो चढला आणि मधल्या एका बाकापाशी जाऊन उभा राहिला. तिथं बसलेल्या बाईनं त्याच्या हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि शेजारी बाकावर ठेवलेली पिशवी खाली पायांशी ठेवून ती खिडकीकडे सरकली.